मदत हवी आहे : धामणीच्या धनुष्याची वरची भुजा एकाच जागी वाकते

नमस्कार मंडळी,

धामणीच्या एकाच पट्टीतून घडवलेले बिनजोड धनुष्य माझ्या पुतण्याने एका कारागिराकडून घेतले आणि दोष लक्षात आल्यावर ते दुरुस्तीसाठी माझ्याकडे दिले. लाकूड चांगले आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धामण का शोधतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिच्या चिवटपणाबद्दल वेगळे सांगायला नको. धनुष्याची लांबी १६८ सेंमी असून ६० सेंमी ओढीला लटकत्या काट्यावर सुमारे १८ किलो ताण भरतो.

दोष असा की वरची भुजा, म्हणजे धनुष्याचा मुठीच्या वरचा वाकणारा भाग, मुठीपासून साधारण वीतभर वर कोपरा पडल्यासारखी वाकते आणि तिचा टोकाकडचा भाग जवळजवळ सरळच राहतो, तर खालची भुजा संपूर्ण ताठ आहे. दोरी चढवून मुठीपासून सारख्या अंतरावर मोजले असता दोरी आणि लाकूड यांच्यातील अंतर वरच्या बाजूला १४ मिमी जास्त येते. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मी दोष मानत नाही, कारण हात मध्याच्या किंचित खाली असल्यामुळे खालची भुजा थोडी ताठ ठेवावीच लागते. दोरी उतरवल्यावरही वरच्या भुजेत तीन सेंमी बाक उरतो.

कॅलिपरने पाहिले तेव्हा कारण सापडले. भुजेची जाडी टोकाकडे हळूहळू कमी होत जायला हवी, पण त्या जागी ती १५ मिमी आणि त्याच्या चार बोटे पुढे पुन्हा १६.५ मिमी आहे. हा दीड मिलिमीटर किरकोळ नाही. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जाडी एक दशांशाने घटली की ताठपणा जवळपास २७ टक्क्यांनी जातो. रुंदी तितकीच घटवली तर तो १० टक्केच कमी होतो. पाठीकडील, म्हणजे नेमबाजापासून दूर असलेल्या बाजूच्या, लाकडाच्या रेषा अखंड आहेत, चीर नाही. मात्र पोटाच्या बाजूला, म्हणजे नेमबाजाकडे असलेल्या बाजूला, तिरप्या उजेडात केसाएवढ्या आडव्या सुरकुत्या दिसतात आणि त्या नखाला लागतात. तेथील तंतू दाबाखाली चिरडले गेले आहेत, असा माझा निष्कर्ष आहे.

कमकुवत जागेला हात न लावता तिच्या पुढचा ताठ भाग आणि संपूर्ण खालची भुजा पोटाच्या बाजूने करवतीच्या जुन्या पात्याने थोडी थोडी खरवडायची, प्रत्येक वेळी अर्ध्या ओढीपर्यंतच सावकाश ओढून वाक पाहायचा आणि तो समान झाल्यावरच पुढे जायचे, असा माझा विचार आहे. भिंतीवर खुंटी आणि खाली कप्पी लावली आहे, त्यामुळे दोरी ओढताना लांब उभे राहून पाहता येते. ताण १३ किलोपर्यंत उतरला तरी चालेल, कारण पुतण्याला सरावापुरतेच धनुष्य हवे आहे.

प्रश्न सुरकुत्यांचा आहे. चिरडलेले तंतू तसेच ठेवून भोवतीचा भार कमी केला तर ते पुरेसे टिकते का, की तेवढा भाग उथळ, लांब उताराने काढून त्याच लाकडाची चकती इपॉक्सीने बसवावी? अनेकांनी त्यावर दोरा गुंडाळण्याचा सल्ला दिला, पण पाठीवरची कपची उठू नये म्हणून दोरा उपयोगी पडतो. पोटातील दाबावर त्याने काय साधणार, हे मला पटलेले नाही. उरलेला बाक काढण्यासाठी पोट शेकण्याचाही विचार आहे, मात्र चिरडलेल्या जागी उष्णता दिल्यास लाकूड ठिसूळ होण्याची भीती वाटते.

आमच्याकडे सध्या पावसाळी दमट हवा आहे आणि ओलसर लाकूड बाक लवकर धरते. त्यामुळे खरवडण्याचे काम हवा कोरडी होईपर्यंत थांबवावे, की धनुष्य घरात उबदार जागी आडवे ठेवून आताच सुरू करावे, हेही जाणकारांनी सांगावे. चकती बसवण्याचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी तिची लांबी आणि उतार किती ठेवला होता ते अवश्य लिहावे.