इजिप्तची देवळं: लक्षात राहिलेली एकच गोष्ट

पिरॅमिडवर सगळेच बोलतात, म्हणून आज फक्त देवळं. गाईडची पोपटपंची नको, स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेली एकच गोष्ट सांगा. सुरुवात मी करतो.

कर्नाकच्या मोठ्या मंडपात 134 खांब आहेत. मधल्या दोन रांगांतले 12 साधारण 21 मीटर उंच, बाजूचे बरेच बुटके. मधल्यांच्या माथ्यावर उमललेला पपायरस (नाईलकाठचं लव्हाळं), बाजूच्यांवर मिटलेल्या कळ्या. आधी वाटलं, नुसती हौस. मग मान वर केली, तर उंचीच्या त्या फरकात दगडी जाळीच्या खिडक्या! म्हणजे उजेड मधोमध पडायचा, तिथे फुलं. कडेला अंधार, तिथे कळ्या. हे उमगेपर्यंत आमचा ग्रुप बसमध्ये जाऊन बसला होता आणि बायकोचे चार मिस्ड कॉल.

*

मीही कर्नाकच. पहिल्या पायलॉनमधून, म्हणजे देवळाच्या अवाढव्य दगडी प्रवेशद्वारातून, आत शिरलात की उजवीकडे, भिंतीला टेकून कच्च्या विटांचा ढिगारा दिसतो. लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. दगड वर चढवायला केलेला उतार आहे तो. पायलॉन अर्धवट राहिला, उतारही काढायचा राहिला. मी सिव्हिलवाली, परांची तशीच टाकून पसार झालेले कॉन्ट्रॅक्टर पाहिलेत. अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

*

डेंडेरा. गच्चीवर जाणाऱ्या जिन्यात पुजाऱ्यांची मिरवणूक कोरली आहे, देवीला घेऊन तेही आपल्यासोबत वर चढतात. पायऱ्या झिजून पार गुळगुळीत. आई म्हणाली, "अगं, ही तर पालखी!" गुडघे विसरून चढली.

*

आम्ही इंदापूर तालुक्यातले. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं. पाणी फारच ओसरलं तर उघडं पडतं, मग आम्ही चालत जाऊन पाया पडतो. त्यामुळे अबू सिंबेलला मी देव बघतच नव्हतो, पुतळ्यांवर करवतीच्या रेघा शोधत होतो. अस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवायला 1964 ते 1968 मध्ये डोंगरातलं अख्खं देऊळ कापून 65 मीटर वर नेलं. मागचा डोंगरही बनावट, आत काँक्रीटचा घुमट. चार पुतळ्यांतल्या एकाचं डोकं नि धड प्राचीन काळीच कोसळलं होतं. तेही तुकडे वर नेले आणि पूर्वीसारखेच त्याच्या पायाशी पडलेले ठेवले. मी तिथेच बराच वेळ उभा होतो.