मावशींकडे बटणाचा फोन आहे, त्यांचं काय?

(सोसायटी ग्रुप, भुसावळ. २१ मे २०२०)

सचिव: सर्व सभासदांना सूचना. उद्यापासून कामवाल्या, भाजीवाले, दूधवाले यांना गेटवर मोबाइलमधलं आरोग्य सेतू (सरकारचं कोरोनाचं ॲप) दाखवल्याशिवाय आत सोडलं जाणार नाही. वॉचमनला सांगितलं आहे. सहकार्य करावे 🙏

बी-१०१: एकदम बरोबर. ॲपवर हिरवं, म्हणजे धोका कमी, दिसलं तरच आत.

ए-२०३: काका, आमच्या मावशींकडे बटणाचा फोन आहे. मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. त्यात ॲप येतच नाही. त्या गावाच्या टोकावरून पायी येतात, या उन्हात त्यांना गेटवरून परत पाठवायचं का?

बी-१०१: ताई, सरकारनेच सक्ती केलीय ना.

ए-२०३: दादा, १ मेच्या आदेशात ऑफिस-कारखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना सक्ती होती. १७ मेला तीही सैल केली, आता मालकांनी शक्य तेवढा प्रयत्न करावा असं आहे. कंटेनमेंट झोनची, म्हणजे रुग्ण सापडले म्हणून बंद केलेल्या भागाची, गोष्ट वेगळी, आपण त्यात नाही.

सी-३०२: मी टाकलंय ॲप. रेल्वेनेही स्पेशल गाड्यांच्या प्रवाशांना सांगितलंय. पण पोरी, ते लोकेशन कशाला मागतं?

ए-२०३: अण्णा, ब्लूटूथने जवळचा फोन ओळखतं आणि जीपीएसने जागा. माहिती १८० दिवसांच्या वर ठेवायची नाही असा नियम ११ मेला काढलाय, पण आपल्याकडे माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा अजून नाही. म्हणून कोणी नको म्हटलं तर त्याला चोर समजू नये. मी स्वतः ठेवलंय. पण दोन्ही फोनमध्ये ॲप आणि ब्लूटूथ चालू असेल तरच भेटीची नोंद होते. तुम्ही फोन चार्जिंगला लावून खाली दूध आणायला जाता, तेव्हाचं त्याला काहीच कळत नाही.

बी-१०१: मग हिरव्याचा उपयोग काय?

ए-२०३: हिरवं म्हणजे टेस्ट निगेटिव्ह नव्हे दादा. खोकला आहे का, ताप आहे का, हे आपणच भरतो. आणि खरं कोण भरेल? मार्चमध्ये मी पुण्याहून आले तेव्हा डाव्या हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का होता. चौदा दिवस आमच्या दाराशी कोणी दुधाची पिशवीसुद्धा ठेवली नाही. नंतर शाई पुसट झाली तरी मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून जिना उतरायचे. त्या दिवसांत मला कणकण आली असती, तर मी या ग्रुपवर सांगितलं नसतं. मग पोट हातावर असलेल्या मावशी गेटवर कशाला सांगतील?

सी-१०४: आमच्याकडून चुकलंच गं तेव्हा. दूध तरी ठेवायला हवं होतं.

ए-२०३: काकू, आता ते जाऊ द्या. गेटवर साबण-पाणी ठेवू, मास्क बघू, वहीत नाव, नंबर, वेळ लिहू. साध्या फोनवरून १९२१ ला मिस्ड कॉल दिला की तिकडून फोन येतो, तब्येत विचारतात. आणि प्रत्येक घराने आपापल्या बाईला सांगायचं: ताप आला तर घरी राहा, पगार कापणार नाही. हे सांगितलं तरच खरं कळेल.

सी-३०२: पगाराचं आमच्याकडून पक्कं.

बी-१०१: आमच्याकडूनही. पण वहीत सगळ्यांचं नाव लिहा, आपल्या पाहुण्यांचंसुद्धा.

सचिव: ठीक आहे. उद्या वही ठेवतो. ॲपची सक्ती नाही, ज्यांना जमेल त्यांनी ठेवावं. वॉचमनला आत्ताच सांगतो.

ए-२०३: आभार काका. मावशी सातला निघतात, त्यांना फोन करते.