नव्या टाकीत दोन मासे गेले, तिसरा तडफडतोय. निळं औषध किती टाकू?

सांजवेळ:
टाकी ६० लिटरची. तळाला बारीक खडी, एक स्पंजचा फिल्टर आणि ५ गोल्डफिश. पाण्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकले, एक दिवस फिल्टर नुसता चालू ठेवला, मग मासे सोडले. आज ११वा दिवस आहे.

पहिला आठवडा छान गेला. मग पांढरा मासा पर अंगाशी आवळून तळाला बसला, खाणं टाकलं तरी हलेना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तेव्हा दुकानात सांगितलं की पाणी सगळं बदला, फिल्टर स्वच्छ धुवा आणि हे निळं औषध टाका. पाणी बदललं, स्पंज नळाखाली धरून अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. औषध टाकायचं तेवढं राहिलं. काल दुसरा गेला. फिल्टरच्या मागे अडकला होता, रात्रभर दिसलाच नाही.

आता लेकीचा लाडका शेंदऱ्या पहाटेपासून पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतोय. कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसतात, आणि कल्ल्यांच्या झाकणावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपकेही आहेत. बाटली हातात धरून बसले आहे. किती थेंब टाकू, कृपया लवकर सांगा.

दर्यावर्दी:
पांढरे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट. हीटर लावून पाणी ३० अंशांपर्यंत न्या आणि औषध सुरू करा. उशीर केलात तर सगळे जातील.

हिरवी काच:
ताई, बाटली आधी खाली ठेवा. हीटरही लावू नका. दर्यावर्दी, रागावू नका, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि हा मासा आत्ताच श्वासासाठी वर आलाय.

दोन गोष्टी सांगा. ठिपके अंगभर आहेत, शेपटीवर, पाठीवर? की फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर? दुसरं, अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट मिळेल का? मिळालं तर आजच मोजा. तोवर खाणं पूर्ण बंद. गोल्डफिश दोनतीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही.

सांजवेळ:
टॉर्च मारून पाहिलं. शेपूट, पाठ, पोट स्वच्छ आहे. फक्त झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर एका ओळीत. किट आणलं. अमोनिया २, नायट्राइट ०, पीएच ८. खाणं दिवसातून तीनदा टाकत होतो, लेकीला आवडतं म्हणून.

हिरवी काच:
मग ते ठिपके म्हणजे रोग नाही. वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या काळात नेमक्या याच जागी असे दाणे येतात. शेंदऱ्या नर आहे, एवढंच. त्याला जाळतोय तो अमोनिया.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी भर पडते. रात्रभर मेलेला मासा आत राहिला, त्यानंही पडली. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी साठल्यावरही माशाला सोसतं. हा थर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या टाकीत तो धरू लागला असेल नसेल, तेवढ्यात स्पंज नळाखाली पिळला गेला आणि नळाच्या क्लोरीननं जे काही होतं तेही मारलं. तुम्ही सांगितलं तसंच केलंत, मला राग आहे तो असा सल्ला देणाऱ्यांचा. निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू, ते टाकलं तर हेच जिवाणू पुन्हा मरतात.

पीएच ८ ही काळजीची गोष्ट आहे. पीएच एका अंकानं चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून अमोनिया २ असणं ७ पीएचच्या पाण्यात जेवढं घातक, त्याहून तुमच्याकडे कितीतरी जास्त.

आत्ता निम्मं पाणी बदला. नवं पाणी बादलीत काढून क्लोरीन घालवणारे थेंब घाला, हात बुडवून टाकीच्या पाण्याएवढंच कोमट-गार आहे ना पाहा, आणि मग सावकाश ओता. २ चा १ होईल. उद्या सकाळी पुन्हा निम्मं. सगळं एकदम बदलू नका, अचानक बदलाचा धक्का वेगळाच बसतो. एअर पंप असेल तर रात्रंदिवस चालू ठेवा, नसेल तर फिल्टरचं तोंड वर घ्या, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग खळबळत राहील.

ओळखीत कुणाची वर्षभर निरोगी चाललेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून, आणि तुमच्या फिल्टरला लावून द्या. माझे पहिले ७ मासे मी औषधांवर औषधं ओतून घालवले. तो तपकिरी, बुळबुळीत, ओंगळ दिसणारा स्पंज हाच टाकीचा जीव आहे, हे मला त्यानंतर कळलं.

दर्यावर्दी:
ठिपक्यांची जागा विचारायला हवी होती, माझं चुकलं. एक भर घालतो. अमोनिया उतरला की नायट्राइट चढेल, तेव्हा घाबरू नका. नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं, कल्ले तपकिरी पडतात. मीठ इथे खरंच कामाचं, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही. लिटरला १ ग्रॅम पुरे, मगभर पाण्यात विरघळवून थोडंथोडं. झाडं असतील तर जपून, मीठ त्यांना मानवत नाही.

सांजवेळ (४ दिवसांनी):
रोज निम्मं पाणी बदलतेय. अमोनिया ०.२५ वर आलाय. मावसभावाच्या टाकीतला स्पंज डब्यात, त्याच्याच पाण्यात बुडवून आणला. शेंदऱ्या काल दुपारपासून खाली पोहतोय. कल्ल्यांची लाली पुरती गेलेली नाही, पण मी काचेजवळ गेले की समोर येतो.

सांजवेळ (२६ दिवसांनी):
मधे आठवडाभर नायट्राइट १ पर्यंत गेलं होतं, मीठ घातलं. आज अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. तिघेही आहेत. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच बुचकळते. लेक विचारतेय, अजून दोन आणायचे का?

हिरवी काच:
फार बरं वाटलं वाचून. नवीन आणू नका. गोल्डफिश वितभर वाढतो, ६० लिटर तिघांनाच पुढे अपुरं पडेल. मोठी टाकी घेतलीत तर हाच स्पंज, हीच खडी तिच्यात न्या. आणि नवा मासा आणलात तर आधी तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये.