मदत हवी आहे: मानदुखीच्या रुग्णात धमनी फाटल्याचा संशय कधी घ्यावा?

फिजिओथेरपीच्या ओपीडीसाठी नेमकी माहिती हवी आहे. बहुतेक मानदुखी स्नायूंची किंवा मणक्यांच्या झिजेची असते. पण सलूनमध्ये मालिश करताना मान दोन्हीकडे कडकन मोडली आणि दुसऱ्या दिवसापासून एकाच बाजूला ठणकतंय, असं तिशी-चाळिशीतला रुग्ण सांगतो तेव्हा ट्रॅक्शन (मान ताणून धरण्याचा उपचार) लावण्याआधी काय तपासावं? एक्स-रे आणि डॉप्लर (धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नॉर्मल असेल तर निर्धास्त राहावं का? निदान झाल्यावर घरी काय पाळायचं?

प्रतिसाद १ (मेंदूविकार)

आधी ट्रॅक्शन बाजूला ठेवा. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली की रक्त थरांमध्ये शिरतं, भिंत फुगते, आतली वाट अरुंद होते. चिरेपाशी गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत जाते. म्हणून पक्षाघात मान मोडल्या क्षणीच येईल असं नाही, कित्येकदा काही तासांनी किंवा दिवसांनी येतो. रुग्ण तुमच्याकडे येतो तो नेमका या मधल्या काळात, म्हणून तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. एकूण पक्षाघातांत या आजाराचा वाटा जेमतेम २ टक्के, पण पन्नाशीच्या आतल्यांत तो १० ते २५ टक्के धरला जातो.

पहिला प्रश्न विचारा: "असं याआधी कधी दुखलं होतं का?" "नाही, हे वेगळंच आहे" असं उत्तर आलं तर थांबा. पुढच्या कॅरोटिड धमनीत दुखणं मानेच्या बाजूला, जबड्यात, डोळ्याभोवती जातं. त्याच बाजूची पापणी एक-दोन मिलिमीटर उतरते आणि बाहुली लहान होते. हे भर उजेडात हमखास सुटतं. खोलीतला दिवा मंद करा: निरोगी बाहुली मोठी होते, दुसरी तशीच राहते, फरक लगेच दिसतो. कानात नाडीच्या ठेक्यात आवाज येतो का, तेही विचारा. मागच्या व्हर्टिब्रल धमनीत दुखणं मानेच्या मागे आणि डोक्याच्या पाठीमागे असतं. सोबत गरगरणं, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, घास अडकणं, आवाज बसणं यातलं काहीही असलं तर थेट १०८.

मान मागे नेऊन वळवून धरायची आणि चक्कर येते का बघायचं, ही जुनी चाचणी अशा रुग्णात करू नका. ती नॉर्मल आली तरी फाटलेली धमनी सुटू शकते, आणि ताण मात्र नेमका त्याच धमनीवर पडतो.

प्रतिसाद २ (रेडिओलॉजी)

एक्स-रेमध्ये धमनी दिसतच नाही. डॉप्लरवरही विसंबू नका. कॅरोटिड बहुधा दुभागते त्याच्या वर, कवटीच्या तळाकडे फाटते, आणि तिथे जबड्याआड प्रोब पोहोचत नाही. व्हर्टिब्रल तर मणक्यांच्या छिद्रांतून जाते, तिचे मधले तुकडे हाडाआड राहतात. सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) मागा, महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत. एमआरआय करायचा असेल तर मानेचे टी१ फॅट-सॅट (चरबीची चमक दाबलेले) आडवे छेद हवेतच. त्यात भिंतीतलं रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखं उठून दिसतं, मात्र पहिले दोन-तीन दिवस ते तितकं पांढरं नसतं. फॉर्मवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलं तर मान राहून जाते. ही चूक वारंवार होते.

प्रतिसाद ३

फक्त मान मोडल्यानेच होतं का?

प्रतिसाद ४ (मेंदूविकार)

नाही. जोराचा खोकला, उलट्या, जड ओझं, गाडीचा धक्का, यांनीही होतं. कधी काहीच कारण सापडत नाही. सांधे फार लवचिक असलेल्यांत आणि संयोजी ऊतीचे (अवयवांना आधार देणाऱ्या ऊतीचे) आनुवंशिक आजार असलेल्या घरांत जास्त जपावं.

उपचारात ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं (अँटिकोअ‍ॅग्युलंट) औषध, साधारण ३ ते ६ महिने. २०१५च्या कॅडिस चाचणीत २५० रुग्णांत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. २०२१च्या ट्रीट-कॅड चाचणीत ॲस्पिरिन रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या तोडीस तोड असल्याचं सिद्ध झालं नाही. त्यामुळे निवड स्कॅन बघूनच होते. दुखणं थांबलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये, आधी पुन्हा स्कॅन. पक्षाघाताची लक्षणं सुरू होऊन साडेचार तास झाले नसतील तर मानेतली धमनी फाटली आहे एवढ्याच कारणाने गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नाकारलं जात नाही, म्हणून वेळ नोंदवून ठेवा.

घरी मानेची मालिश नको, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको, सिलिंडर किंवा पाण्याची भरलेली कळशी उचलणं नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तुमच्या चिठ्ठीत एवढं आलं तरी पुरे: "डाव्या बाजूची नवी मानदुखी, ४ दिवस, मान मोडल्यानंतर. डावी पापणी उतरलेली, बाहुली लहान. कमानीपासून माथ्यापर्यंत सीटी अँजिओ आजच व्हावी, कॅरोटिड फाटली आहे का?"