फ्लॉरेन्स केली यांचे १९०५ चे भाषण इतके परिणामकारक का?

प्रश्न: १९०५ मध्ये अमेरिकेतील स्त्री-मताधिकार परिषदेत अमेरिकन समाजसुधारक केली यांनी केलेल्या बालमजुरीविरोधी भाषणाचे खरे बळ कशात आहे?

प्रतिसाद १: माझ्या मते ‘आपण झोपलेलो असताना’ या आशयाच्या पुनरुक्तीत; गिरणीत रात्रभर राबणाऱ्या मुली आपल्याच खरेदीसाठी कापड विणतात, हे ऐकल्यावर श्रोत्याला नामानिराळे राहता येत नाही.

प्रतिसाद २: मान्य आहे, परंतु राज्याराज्यांच्या कायद्यांतील उणिवा एकामागून एक मांडल्या नसत्या, तर ती करुणा पोकळ ठरली असती. शिवाय जॉर्जिया या अमेरिकी राज्यातील मातांना आणि शिक्षिकांना मताधिकार असता, तर तेथील विधिमंडळाने बारा वर्षांखालील मुलांचे गिरणीकाम थांबवण्यास नकार दिला असता का, हा त्यांचा प्रश्न (श्रोतृवर्ग पाहता अत्यंत धूर्त) दोन्ही चळवळी एकत्र बांधतो.