मदत हवी आहे: चिनी पुरवठादार डॉलरऐवजी युआनमध्ये पैसे मागतोय

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत आमचे रेपियर माग (कापड विणायचे बिनधोट्याचे माग) आहेत. रेपियर टेप, फीडर वगैरे सुटे भाग सहा वर्षं झाली, चीनच्या झेजियांग प्रांतातून मागवतो. आजवर सगळा व्यवहार डॉलरमध्ये. परवाच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर) मात्र आकडा युआनमध्ये, आणि खाली एक ओळ: युआनमध्ये पैसे दिल्यास दीड टक्का सूट. डॉलर बदलून घेण्याचा खर्च आणि दर पडायची धास्ती आता त्याला नको आहे.

बँकेत गेलो तर साहेबांनी दर दिला 'सीएनएच'चा. इन्व्हॉइसवर 'सीएनवाय' आहे! मी तर घाबरलोच. मग रात्री जागून वाचलं. चलन एकच, रेन्मिन्बी (युआन हे त्याचंच एकक), पण बाजार दोन. चीनच्या आतला तो सीएनवाय: त्याचा मध्यदर पीपल्स बँक ऑफ चायना, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, रोज सकाळी जाहीर करते आणि डॉलरचा भाव त्याच्या वर-खाली २ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही. हाँगकाँग, सिंगापूर, लंडनमध्ये फिरतो तो सीएनएच. त्याला ही मर्यादा नाही. एरवी दोन्ही दर जवळपास असतात. ऑगस्ट २०१५ मध्ये चीनने मध्यदर एका दिवसात जवळजवळ २ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा मात्र चांगलेच फाकले होते. आमच्यासारख्याचा नफा तेवढ्यात साफ होतो.

दुसरी अडचण मोठी आहे. बँक आधी रुपयाचे डॉलर करणार, मग डॉलरचे युआन, आणि दोन्ही ठिकाणी आपलं मार्जिन घेणार. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने युआनला एसडीआरच्या (निधीच्या स्वतःच्या हिशेबी एककाच्या) चलन-टोपलीत घेतलं, चीन एवढा मोठा निर्यातदार, तरी वाट डॉलरवरूनच जाते. चीन पैसा मोकळेपणी आत-बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेर युआन साठवून ठेवायला फारसं कुणी धजत नाही, असं मला वाटतं.

ज्यांनी प्रत्यक्ष युआनमध्ये पैसे पाठवलेत त्यांनी कृपया सांगा: दोन्ही मार्जिनं वजा जाता सवलतीतलं काही हाती उरलं का? सीएनवायच्या इन्व्हॉइसवर सीएनएच पाठवल्यावर समोरच्याला रक्कम पूर्ण मिळाली, की फरकावरून वाद झाला? आणि लहान रकमेला नव्वद दिवसांचं फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करणं) बँक देते का? आमच्या शाखेत याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शुक्रवारपर्यंत त्याला कळवायचं आहे. चार माग टेपअभावी बंद आहेत.