अनुभव धागा: होस्टेल, रँक पुश आणि एम-वनचा पेपर

प्रवेशफेऱ्या संपल्या की आमच्या कॉलेजच्या होस्टेलवर नवी मुलं येतात. बारावी आणि सीईटीची दोन वर्षं घरच्यांच्या नजरेखाली गेलेली असतात, फोन मोजून मिळालेला असतो. इथे एकदम स्वतःची खोली, वायफाय, कॉलेजसाठी म्हणून घेतलेला लॅपटॉप आणि रात्री दीड वाजता "चल रे, लास्ट मॅच" म्हणणारे तिघं मिळतात. मी या मुलांना पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन, शिकवते. पहिल्या सत्राचा निकाल लागला की ज्यांच्याकडून चांगल्या मार्कांची खात्री होती त्यांच्यातलेच काही एम-वनमध्ये अडकलेले दिसतात, आणि बोलायला बसलं की विषय रात्रीच्या स्क्वाडवर, म्हणजे ऑनलाइन गेममधल्या टीमवर, येतोच.

मी स्वतः गेम खेळते, आवडीने खेळते. त्यामुळे "गेम सोडा, अभ्यासाला लागा" एवढंच सांगणारा धागा मला नको आहे. इच्छाशक्तीवर आपण खूप बोलतो आणि खेळ बांधलेला कसा आहे यावर फार कमी, असं माझं मत आहे. जो गेम हवा तिथे सेव्ह करून मिटता येतो त्याची सवय वेगळी. ज्यात तीन दोस्त तुमच्यासाठी लॉबीत थांबलेत त्याची वेगळी. त्यात भर म्हणून रोजची मिशन्स, लॉगिन केलं की मिळणारं बक्षीस, सीझन पालटला की खाली येणारी रँक, आणि ती परत वर चढवायचा "रँक पुश". रोज उघडायला लावण्यासाठीच हे केलेलं असतं, आणि अठरा वर्षांच्या मुलाला ते कोणी नीट सांगत नाही.

म्हणून गेम आणि अभ्यास कसा जमवलात, किंवा जमला नाही, तो तुमचा अनुभव इथे लिहा. लिहिताना एवढं जरूर सांगा: कोणता गेम, कोणाबरोबर, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि तेव्हा कॉलेजचं काय चाललं होतं. नावं नकोत, कॉलेजचंही नको.

मेकॅनिकल, आता चाळिशीत

आमच्या होस्टेलवर २००४ साली इंटरनेट नव्हतं, पण लॅन होती, म्हणजे खोल्यांतले पीसी केबलने एकमेकांना जोडलेले. वर्गणी काढून आठ पोर्टचा स्विच आणला होता. तो जिन्याखाली ठेवलेला आणि केबली खिडक्यांतून या खोलीतून त्या खोलीत. मेसमधून जेवून आलं की काउंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा गेम, मॅप बहुतेक डस्ट टू. ज्याच्याकडे पीसी नाही तो मागे उभा राहून "लाँगला आहे, लाँगला आहे!" (लाँग म्हणजे मॅपवरची लांब वाट) ओरडायचा, त्यामुळे खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचाच आवाज मोठा. एज ऑफ एम्पायर्स हा साम्राज्य उभारायचा गेम फक्त शनिवारी, कारण तो एकदा बसला की मध्यरात्र होते.

अभ्यास कसा व्हायचा, तर लोडशेडिंगमुळे. आमच्या तालुक्याच्या गावात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि वेळा आधीच ठाऊक असायच्या. वीज गेली की सीपीयू बंद, पंखा बंद, सगळी पोरं पुस्तकं घेऊन गच्चीवर. थर्मोडायनॅमिक्सची गणितं मी तिथे शिकलो. एकाला स्टीम टेबल वाचता यायचं, तो बाकीच्यांना दाखवायचा. वीज आल्याचा गलका झाला तरी हातातलं गणित संपवूनच खाली उतरायचं, असं आपसूक ठरून गेलं होतं.

आणि पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की फायनल इयरची मुलं स्विचच काढून मेसच्या काकांकडे नेऊन द्यायची. त्यावर कोणी भांडत नसे. शेवटचा पेपर झाला की काका आपणहून विचारायचे, "न्यायचा का रे तुमचा डबा?"

माझा मुलगा आता इंजिनिअरिंगलाच आहे. त्याच्याकडे वीज जात नाही, आणि त्याचा स्विच काढून नेणारा सीनियर कोणी नाही. त्याला मी एकच सांगितलंय: बंद करायचं ते एकट्याने ठरवू नकोस, चौघांनी मिळून ठरवा. एकटा उठून गेलेला मुलगा दहा मिनिटांत परत बोलावला जातो. चौघंही उठले तर बोलवायला मागे उरतच नाही कोणी.

बी.फार्म., तिसरं वर्ष, नाशिक

मी बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम खेळते. माइक बंद ठेवून, कारण मुलीचा आवाज ऐकला की अनोळखी पोरं काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन मैत्रिणी मिळाल्या तेव्हापासून माइक चालू झाला आणि खेळ खरा आवडायला लागला.

मी घरीच राहते. दुपारी प्रॅक्टिकल, मग जर्नल, मग स्वयंपाकघरात आईला हात. माझा वेळ म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरचा. एरँगल या मॅपवरची क्लासिक मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास घेते. त्यातल्या पोचिंकी गावात उतरून दोन मिनिटांत मेलं तर मात्र "आत्ता तर बसलो, परत लाव" होतं, आणि तिथेच घोळ. लवकर मरणाऱ्याचे तास जास्त जातात! म्हणून आम्ही मॅचेस मोजणं सोडलं आणि घड्याळ धरलं. साडेनऊला बसायचं, साडेदहा वाजले की चालू असलेली मॅच शेवटची. फार्माकॉलॉजीत औषधांची वर्गवारी पाठ असावीच लागते, तिला सकाळचं ताजं डोकं लागतं, आणि रात्री साडेबारापर्यंत खेळलेलं डोकं सकाळी ताजं नसतं. मला अभ्यासाचे तास कधी कमी पडले नाहीत, झोप कमी पडली की मात्र लगेच कळायचं.

घरी अजून ऐकावं लागतं, "मुलीची जात आणि बंदुका काय चालवतेस?" भावाला कोणी असं म्हणत नाही. याबद्दल मला मनापासून राग आहे.

एम.ए. इतिहास

गेम कन्सोलचा कंट्रोलर आईच्या कपाटात, किल्ली आईकडे. परीक्षेच्या तारखा आल्या की मी स्वतः नेऊन देतो. कन्सोल टीव्हीखाली दिसत राहतो, त्याचं काही वाटत नाही.

एका विद्यार्थ्याची आई, कोल्हापूर

मी गेम खेळत नाही, पण लिहू का? आमचा मुलगा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. जेवायला हाक मारली की "आई, थांब गं, मध्येच सोडता येत नाही." मला वाटायचं, हे निमित्त आहे. ताट वाढलेलं, भाकरी गार होते, आणि हा स्क्रीनला चिकटलेला. वडिलांनी दोनदा राउटर बंद केला. त्यानंतर घरात जे झालं ते मी सांगत नाही.

मग माझ्या भाचीने समजावलं. म्हणाली, "मावशी, तो मध्येच उठला तर त्याच्या टीममधल्या बाकीच्यांची मॅच बुडते, आणि असं परत परत झालं तर गेमच त्याला काही वेळ खेळू देत नाही." मग मी त्याच्या शेजारी बसून एक मॅच पूर्ण बघितली. ते व्हॅलोरंट होतं, दोन टीमचा बंदुकांचा गेम. एका बाजूने तेरा राउंड जिंकले की बहुतेक वेळा संपतं, आणि आकडा वर लिहिलेलाच असतो. आता मी खोलीत जाते, आकडा बघते. अकरा-आठ असलं तर तवा ठेवते. चार-तीन असलं तर सांगते, "आम्ही जेवून घेतो, तुझं तू वाढून घे." त्यालाच आता गार जेवायचा कंटाळा आला आणि तो आठनंतर नवीन मॅच लावत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर मागच्या सत्रातला एक विषय राहिलाय. तो काढेल असं दिसतंय. पण घरात बोलणं परत सुरू झालंय, ते मला त्या विषयापेक्षा मोठं वाटतं.

धागा चालवणारी

ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक पालकाने वाचावं. २०२३च्या मे महिन्यात बीजीएमआय बंदीनंतर परत आला तेव्हा गेममध्येच रोजची मर्यादा आली होती, अठराच्या खालच्यांना तीन तास आणि मोठ्यांना सहा. कॉलेजातल्या मुलाला सहा तासांच्या कुंपणाचा काय उपयोग? तेरा राउंड वाचायला शिकलेली आई मला त्यापेक्षा कामाची वाटते.

बीकॉम, सकाळचं कॉलेज, नागपूर

मला गेमिंगमध्येच करिअर करायचं होतं. टीममध्ये मी आयजीएल, म्हणजे कुठे उतरायचं, कोणती गाडी घ्यायची, खेळातल्या सुरक्षित झोनमध्ये कधी शिरायचं हे सांगणारा. रात्री नऊ ते बारा स्क्रिम्स, म्हणजे दुसऱ्या टीमबरोबर सराव मॅचेस, आणि सकाळी सव्वासातला कॉलेजात पहिलं लेक्चर.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात आमचा गेम, पबजी मोबाइल. आमची टीम त्या आठवड्यात एका क्वालिफायरची तयारी करत होती. दहा महिन्यांनी, २०२१च्या जुलैत त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय आला, आम्ही परत जमलो. २०२२च्या फेब्रुवारीत फ्री फायर हा दुसरा गेम बंदीत गेला, जुलैत बीजीएमआय स्टोअरवरून काढला. म्हणजे माझ्या डिग्रीच्या तीन वर्षांत माझं मैदान दोनदा बंद झालं, आणि त्यात माझ्या खेळाचा काही संबंध नव्हता. क्रिकेटवाल्याचा फॉर्म जातो, दुखापत होते, पण क्रिकेटच बंद झालंय असं त्याला कोणी सांगत नाही.

त्यानंतर मी टीमला सांगितलं, स्क्रिम्स संध्याकाळी पाच ते आठ. दोघं सोडून गेले. जे राहिले त्यांच्यात एक आयटीआयचा आणि एक दुकान सांभाळणारा, त्यांनाही रात्री झोप हवीच होती. कॉस्टिंगचा पेपर मी पहिल्या फटक्यात काढला, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या वर्गात गेमवाला म्हणजे कॉस्टिंगमध्ये नापास होणार हे धरलेलंच असायचं. जे सीरियसली खेळतात त्यांना सांगतो, तुम्ही खेळात कितीही चांगले असा, खेळ चालू राहील की नाही हे तुमच्या हातात नाही. डिग्री हातात ठेवा. आणि ज्यांना कोणी म्हणतं की हा खेळच नव्हे, त्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आठवाव्यात. २०२३ मध्ये तिथे ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि भारताचे खेळाडू उतरले होते.

नाव, गाव काहीच लिहीत नाही

वरचे सगळे सावरले. मी वर्ष ड्रॉप केलं. दुपारी उठायचो, हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागायचं, ते बघायलाही जायचो नाही. गंमत म्हणून खेळणं कधीच संपलं होतं. हरलो तर चिडून, जिंकलो तर रँक टिकवायला. मेसला जाणं बंद, बिस्किटं आणि मॅगी. मित्रांना वाटायचं मी आळशी आहे. वडिलांना वाटायचं मी उद्धट झालोय.

समुपदेशकाकडे बहीण घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न गेमचा विचारलाच नाही, झोपेचा विचारला, मग घरचा. बोलता बोलता निघालं की गेम वाढला तो आजी गेली त्या पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर हे निदान आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे सहसा वर्षभर टिकलेलं असणं. नुसते जास्त तास म्हणजे आजार नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून मला हलकं वाटलं, कारण मला "व्यसनी" म्हणणारे सगळे तासच मोजत होते.

आता परत कॉलेजात आहे, रोज पहिल्या लेक्चरला बसतो. खेळतो, पण एकट्याने खेळायचे, सेव्ह होणारे गेम. रँकवाला एकही फोनमध्ये नाही. ज्याला वरचं वाचून स्वतःचं काही आठवलं असेल त्याने १४४१६ वर फोन करावा. तो केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

धागा चालवणारी

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याला धरूनच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दोघांनी मला खासगीत रमी आणि तीनपत्तीच्या अ‍ॅप्सबद्दल विचारलं. एकाच्या रूम पार्टनरने मेसचे पैसे त्यात घातले आहेत. तो या धाग्याचा विषय नाही, तो जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना वेगळं ठेवलं. रूम पार्टनरच्या घरी आजच कळवा. "चुगली होईल" वगैरे विचार करू नका.

एम.एस., जर्मनी

इथे माझ्या विद्यापीठात एका विषयात तीनदा नापास झालं की तो कोर्सच सोडावा लागतो. केटी, म्हणजे राहिलेला विषय, घेऊन पुढच्या वर्षाला जाण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे पहिल्या सत्रात झेपत नाही. मी गेम सोडला नाही, कारण होस्टेलचे जुने मित्र तिथेच भेटतात. उन्हाळ्यात माझे सकाळचे दहा म्हणजे त्यांचे दुपारचे दीड. शनिवारी एज ऑफ एम्पायर्स टू, एक मॅच, आणि खेळापेक्षा गप्पाच जास्त. एक जण मध्येच "थांबा रे, आई जेवायला बोलावतेय" म्हणतो, आणि सगळे थांबतो.

कॉम्प्युटर, शेवटचं वर्ष

गणिताच्या मॅडम धागा चालवताहेत म्हणून हे लिहितो. पहिल्या वर्षी मॅट्रिक्स मी नुसते घोकले होते. मग युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा छोटा गेम करायला घेतला. रणगाडा जागच्या जागी वळायला हवा होता, तो मैदानाच्या मध्याभोवती गोल फिरत होता. दोन दिवस कळेना. सरकवणं आणि फिरवणं दोन्ही मॅट्रिक्सच्या गुणाकारानेच होतं, आणि मी आधी सरकवून मग फिरवत होतो. आधी फिरवून मग सरकवलं आणि रणगाडा जागेवर वळला. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते, पण समजलं ते त्या रात्री. हाच गेम पुढे फायनल इयर प्रोजेक्ट झाला. गाइड सरांनी आधी "गेम कशाला, काहीतरी उपयोगाचं करा" म्हटलं होतं. मी त्यांना रणगाडा दोन्ही क्रमांनी फिरवून दाखवला.

धागा चालवणारी

हे उदाहरण मी पुढच्या आठवड्यात वर्गात वापरणार आहे.

डिप्लोमावाल्यांनी अजून कोणी लिहिलेलं नाही. पार्ट टाइम काम करून शिकणाऱ्यांनीही नाही, आणि त्यांचा वेळ तर सगळ्यांत कमी. ज्यांच्या होस्टेलवर रात्री बारानंतर वायफाय बंद करतात त्यांनी लिहा: त्याने मुलं खरंच झोपतात, की मोबाइल डेटावर खेळतात? आमच्याकडे असा नियम आणायचं चाललंय. बैठकीत मुलांचं म्हणणं मांडायला कोणी नाही, ते मला घेऊन जायचंय.